फडक्यावरचा पिवळा चुरा

सिद्धाप्पा मिस्त्रीनं अंगणात उभ्या गाडीच्या इंजिनातलं तेल फडक्यातून गाळलं. फडक्यावर पिवळा चुरा चमकत होता. परवाच त्यानं हे इंजिन सगळं खोलून नव्यानं बांधलं होतं.

"फिरत्या दांड्याखालचं पितळी बुश झिजतंय म्हंजे तूच वाकडं बसवलंस," गाडीचे मालक आबासाहेब म्हणाले. "सोलापुरात आता कोण तुला गाडीला हात लावू देतंय बघतो."

सिद्धाप्पा गाडीखाली शिरला. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवून त्यानं आत हात घातला. बुश शाबूत होतं. चेंबरच्या तळाला मात्र पाणी होतं. इंजिनाचा ब्लॉक तडकून पाणी तेलात उतरलं की काय? घाबरत त्यानं तळ चाचपला, आणि हाताला लागलं ते घेऊन बाहेर आला.

तळहातावर गिअरच्या दात्यांत भरडलेला सोन्याचा मणी होता आणि त्याला चिकटलेलं तुळशीचं पान.

"इंजिनात हे कुणी घातलं?" आबासाहेब ओरडले.

"मी." ओसरीवरून त्यांची आई, सारजाबाई, बोलल्या. "तेल घालायच्या तोंडातनं."

"आई, खुळी झालीस का तू?"

"करमाळ्यासनं दवाखान्यात आणताना तुझ्या वडलांनी ह्याच गाडीत जीव सोडला. पाणी, तुळस, सोनं, समदं माझ्या हातात हुतं. गचक्यानं त्यांच्या तोंडात काय पडंना. घटकाभर गाडी थांबीव, मी म्हनले, आबा. तू थांबीवली न्हाईस. त्यांच्या तोंडात ऱ्हायलेलं ते मग ह्या गाडीच्या तोंडात घातलं."