प्लगचं टोक

हरीश मेकॅनिकने स्कूटरची किक हाताने हळूच खाली दाबली आणि कान इंजिनाजवळ नेला. आत काहीतरी खट् वाजलं. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा खट्.

"टुकड़ा अंदर ही है, साहब," तो म्हणाला. "स्टार्ट बिल्कुल मत करना. पिस्टन, सिलिंडर, सब जाएगा."

साहेब म्हणजे नरसिंह. सकाळी स्पार्क प्लग बदलायला तोच बसला होता. पाना तिरका लागला, प्लगची पांढरी चिनीमाती तडकली आणि उरलेला भाग स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना त्याचं टोक आत पडलं. मेकॅनिक लोक लुटतात, प्लग काय कोणीही बदलतो, असं तो आठवडाभर घरात सांगत होता. आता त्याच मेकॅनिकला त्याने गुपचूप फोन करून बोलावलं होतं. हरीश हसला नाही. आज रविवार आहे, उद्या टेम्पो आणतो, इंजिनाचं हेड उघडून तुकडा काढतो, तोवर चालू केली नाही तर इंजिनाला काही होणार नाही, एवढं सांगून तो निघाला.

म्हणजे फार काही बिघडलेलं नव्हतं. स्कूटर एक-दोन दिवस उभी राहिली असती आणि एका माणसाला ‘माझ्या हातून मोडलं’ असं म्हणावं लागलं असतं.

नरसिंहने डबीतला नवा प्लग काढला, आवळून बसवला, वरचं झाकण लावलं आणि हात पुसले.

केंद्र सरकारच्या एका खात्यात तो अंडर सेक्रेटरी होता. दिल्लीत आर. के. पुरमच्या त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये महाराष्ट्रातून नव्याने नोकरीला आलेली पोरं जेवायला यायची, तेव्हा तो त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. चूक दिसली की फाइल थांबवायची नाही, पुढे सरकवायची. शेवटची सही ज्याची, चूक त्याची. पोरं हसायची. पोळी वाढता वाढता स्वरूपाही हसायची. बायको होती, हसावं लागायचं.

ती भाजी घेऊन फाटकातून आत येत होती, तेव्हा हरीश तिला भेटला. भाभीजी, गाडी चालू करू नका, आत तुकडा पडलाय, साहेबांना सांगितलंय सगळं, असं जाता जाता तो म्हणाला. त्यामुळे जिन्याखाली स्कूटरपाशी येईपर्यंत तिला सगळं ठाऊक झालं होतं. वाईट वाटत होतं ते क्षिप्रासाठी. लेकीचं लायसन्स परवाच आलं होतं. उद्यापासून मेट्रो बंद, कॉलेजला स्कूटरनेच जायचं, स्कूटर तिचीच, असं ठरलं होतं. काल तिने ती स्वतः धुतली होती, आरसेसुद्धा ओढणीने पुसले होते. पोरगी थोडी हिरमुसेल, एवढंच स्वरूपाच्या मनात होतं.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं. चालू करून बघ." नरसिंहने किल्ली पुढे केली.

स्वरूपाने त्याच्याकडे पाहिलं. तो टायरकडे बघत होता. त्याच्या थापांची तिला सवय होती, पण आज तो स्वतःची चूक तिच्या हातून करून घ्यायला निघाला होता. तिला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त लाज वाटली. तिने किल्ली घेतली आणि परत त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुम्हीच चालू करा."

नरसिंह किल्ली मुठीत धरून उभा राहिला. आता बोलेल, असं तिला वाटलं. बोलला असता तर तिने एका शब्दानेही टोचलं नसतं.

त्याने मान वर केली आणि पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बघून क्षिप्राला हाक मारली.

क्षिप्रा धाडधाड जिना उतरून आली. हातात नवं हेल्मेट होतं. नरसिंहने किल्ली तिला दिली.

"गाडी तुझी आहे, बेटा. पहिल्यांदा तूच चालू कर."

क्षिप्राने किल्ली कपाळाला लावली आणि सीटवर बसली. स्वरूपा नवऱ्याकडे बघत राहिली. पोटची पोर आहे, शेवटच्या क्षणी तरी तिचा हात धरेल, असं तिला अजूनही खरंच वाटत होतं. त्या वाट बघण्यात तिच्या तोंडून ‘थांब’ निघायला उशीर झाला.

क्षिप्राने सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, मग आत खडे दळल्यासारखा आवाज आला आणि सगळं बंद पडलं.

"काय केलंस हे?" नरसिंह म्हणाला.

क्षिप्राचा चेहरा उतरला. तिने ब्रेककडे बघितलं, आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग ती आईकडे वळली. "मम्मा, तू थांब म्हणालीस ना? मी ऐकलंच नाही."

स्वरूपाने तोंड उघडलं. पण आता सांगायचं, तर आपल्याला आधीपासून माहीत होतं हेही सांगावं लागणार होतं. तिने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सॉरी, बाबा," क्षिप्रा म्हणाली.

नरसिंहने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"असू दे," तो मायेने म्हणाला. "नवीन माणसाकडून होतं असं."