हाताचा गुण

रविवारची उपासना अर्ध्यावर आली होती. हॉलचं दार ढकलून नेरे गावचे बळीराम आत आले. दोन्ही हातांवर त्यांची सून, मनस्वी. तिच्या पायाला फडकं बांधलेलं.

"पास्टर, नाग चावलाय. सरपन काढीत व्हती. हात ठेवा हिच्यावर."

गाणं थांबलं. खांदा कॉलनीतल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये मंडळी सरकून वाट करू लागली. पास्टर यशोदीप साळवे यांच्या प्रार्थनेनं ताप उतरतो, धरलेली कंबर सुटते, ही ख्याती पार नेऱ्यापर्यंत पोचली होती. बळीराम ख्रिस्ती नव्हते. तरी दवाखाना सोडून ते इथं आले होते.

मागून कुणीतरी "हालेलुया" म्हटलं. दोन-तीन मोबाइल वर झाले.

यशोदीप मंचावरून उतरले. मनस्वीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. तिला काही सांगायचं होतं, पण जीभ वळत नव्हती. यशोदीपच्या मनात आलं, आपण हात ठेवला आणि ही गेली, तर? सगळ्यांसमोर? ती मरेल या भीतीच्या आधी आपलं नाव जाईल ही भीती आपल्याला शिवली, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले. कॉलरच्या माईकमधून ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "आशालता, गाडी काढ. हिला सर्पदंशाची लस मिळायला हवी."

त्यांची बायको जवळ आली. "अहो, माईक चालू आहे," ती कुजबुजली.

"असू दे. गाडी काढ."

ती किल्ली घेऊन धावली. बळीराम मात्र हलले नाहीत. सुनेला त्यांनी आणखी घट्ट धरलं.

"आदी हात ठेवा. सगल्या गावाला सांगून आलोय, पास्टरांकडं नेतो म्हनून. तुमी नाय म्हनता, म्हंजी ती वाचायची नाय, असंच ना?"

मनस्वीच्या तोंडातून लाळ गळू लागली. समजावत बसायला वेळ नव्हता. यशोदीप खाली वाकले आणि त्यांनी बळीरामांच्या चिखलानं भरलेल्या पावलांवर डोकं टेकलं.

"बाबा, मी साधा माणूस आहे. मला यातलं काही येत नाही. तुमच्या पाया पडतो, चला."

बळीराम दचकून मागं सरले. त्यांचे हात सैल पडले. यशोदीपनी मनस्वीला उचललं आणि ते दाराबाहेर पडले.

बळीराम मागोमाग येऊन गाडीत पुढं बसले. मागच्या सीटवर तिला कुशीवर वळवून यशोदीपनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आशालता सारखा हॉर्न वाजवत होती. पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. मनस्वीचा श्वास घरघरला, मग थांबला, मग पुन्हा आला. मंचावर तास तास प्रार्थना करणाऱ्या यशोदीपना एक वाक्य सुचेना. "प्रभू, दया कर," एवढंच ते पुटपुटले. पुढचे शब्द आलेच नाहीत.

इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या घशात नळी घातली, लस सुरू केली. तिघं बाकावर बसून राहिले. आतून कुणी बाहेर आलं की बळीराम उभे राहत, आणि पुन्हा बसत.

ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "डोळे उघडलेत तिनं. वाचेल. पण आणखी थोडा उशीर केला असतात, तर हातची गेली असती."

बळीराम आत जाऊन तिला बघून आले आणि त्यांनी थेट यशोदीपचे पाय धरले. "तुमीच वाचवलात! तुमच्या हाताला गुण हाय. मी सांगत व्हतो ना, हाय म्हनून!"

व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

"नका, बाबा," यशोदीप म्हणाले. पण ते म्हणायला त्यांना क्षणभर उशीर झाला. तो क्षण किती गोड लागला, हे त्यांना कळलं आणि त्यांनी पाय मागं ओढून घेतले.

पलीकडं बसलेल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याची व्हीलचेअर हळूच त्यांच्या दिशेनं वळवली.