नुसती खरखर

हातातल्या रेडिओतून "ताई" एवढा एकच शब्द आला आणि तिनं बटण फिरवून तो बंद करून टाकला. आवाज स्वच्छ होता. धाकटी तिकडे शेडसमोर विमानात बसून बोलत होती, ताई इकडे धावपट्टीच्या टोकाला उभी होती, तरी कानाशी येऊन बोलल्यासारखी ऐकू आली. तिथंच ताईच्या पोटात दुखलं.

ती रमतगमत शेडकडे परत आली. धाकटी विमानाच्या दारातून अर्धी बाहेर वाकून वाट बघत होती. बाबाही शेजारी उभे होते.

"काही नाही," ताई म्हणाली. "नुसती खरखर."

"म्हणजे माझंच काहीतरी चुकलं," धाकटी लगेच म्हणाली. तिचं हे लगेच कबूल करणंसुद्धा ताईला खुपलं.

शेड बाबांची. तिथं लहान, जुनी विमानं दुरुस्तीला येत. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापड ताईच्या हातचं. तिची शिवण अशी की वरून बोट फिरवलं तरी लागायची नाही. आणि शेडचा नियम असा, की जिनं कापड शिवलं तिनं दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला बाबांच्या शेजारी बसायचं. विमानात दोनच खुर्च्या. दुसरी खुर्ची कित्येक वर्षं ताईची होती, आणि तिला या जगात दुसरं फारसं काही नकोच होतं.

मग धाकटी रेडिओचं काम शिकून आली. पत्र्याच्या विमानावर अँटेना नुसती बसवली तरी भागतं, कापडाच्या विमानात तिच्याखाली धातू द्यावा लागतो, असं तिनं बाबांना समजावून सांगितलं. ताईच्या कापडाला आतून धातूच्या पातळ पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या आणि मधोमध अँटेनासाठी भोक पाडलं. चांगल्या ताणलेल्या, लेप दिलेल्या कापडाला भोक. बाबा ते भोक कौतुकानं बघत राहिले. शिवणीकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"या वेळी पहिल्या फेरीला हिलाच नेतो," ते म्हणाले. "वरून रेडिओ कसा चालतो ते तरी कळेल."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी दोघी बहिणी कडाकडा भांडल्या. ताई विमानाच्या पोटाखालची शिवण मिटत होती, हात शिवत होते आणि तोंड भांडत होतं. संध्याकाळी तिची कात्री सापडेना, तेव्हा "तूच नेलीस, तुला माझं सगळंच हवंय" म्हणून भांडणाची आणखी एक फेरी झाली. धाकटी नाही म्हणाली. ताईनं विश्वास ठेवला नाही.

आणि आता धाकटी विमानाच्या पोटाखाली उताणी पडून वर बघत होती. "आतली वायर सुटली असणार. शिवण उसवावी लागेल. ताई, तूच उसव ना. मी हात लावला तर वाट लावीन."

हे ताईनं धरलंच नव्हतं. पण बोलून तर बसली होती. आपल्याच हातानं घातलेला एकेक टाका तिनं दात आवळून उसवला. धाकटीनं फटीतून हात आत घातला, चाचपला आणि एकदम थांबली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझी कात्री."

बाबांनी बॅटरी मारून आत पाहिलं. विमानाला वर-खाली वळवणारी, शेपटीकडे जाणारी तार जिथं कप्पीवरून वळते, तिच्या थोडी मागं कात्री पडली होती. उडताना शेपूट वर उचललं गेलं, की ती घसरून थेट कप्पीत अडकली असती. मग विमान वर नाही आणि खाली नाही. बाबा अवजारांच्या पेटीवर खालीच बसले. कापड मिटायच्या आधी अवजारं मोजायची, हे त्यांनीच दोघींना शिकवलं होतं.

"बोल मला, काय बोलायचं ते बोल," ताई धाकटीला म्हणाली.

"मोजायची राहिली असतील. भांडत होतो ना आपण."

बाबा उठले. शेडमध्ये त्यांनी आजवर कुणाची पाठ थोपटली नव्हती. ताईची थोपटली. "तुला ऐकू आलं नाही म्हणून बरं झालं गं पोरी. नाहीतर उघडलंच नसतं." त्या हातासाठी तिनं जन्म काढला होता, आणि आता तो पाठीवर नकोसा झाला.

वायर धड होती, तरी धाकटीनं ती नव्यानं जोडली. ताईनं टाके घातले, लेप वाळला. उतरत्या उन्हात ती पुन्हा रेडिओ घेऊन धावपट्टीच्या टोकाला गेली. या वेळी बाबाही विमानात बसले होते.

"ताई." आवाज तसाच, कानाशी. "मगाशी सांगितलं तेच परत सांगते. उद्या वर तूच बस. बाबांना मी कालच पटवलंय. कापड तुझं आहे. मी खालून ऐकेन. आलं का ऐकू?"

ताई होती तिथंच गवतावर बसली. म्हणजे कात्री आत होती तेव्हाही ती खुर्ची तिचीच होती. नुसतं "आलं" म्हटलं की सगळं मिटणार होतं. बाबांचा हात पाठीवर तसाच राहणार होता.

तिनं बटण दाबलं.

"आलं," ती म्हणाली. "मगाशीही आलं होतं."