तापलेलं मशीन

शैलजानं सुटे भाग आणून कन्हेरी गावातल्या घरात स्वतः जोडलेला कॉम्प्युटर दसऱ्याची पूजा झाल्यापासून तापून दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. "तुझा पाळीतला विटाळाचा हात लागला, दुसरं काय व्हनार? न्हाल्याबिगर त्याच्याजवळ जायाचं न्हाय," सासूबाईंनी बजावलं.

दुसऱ्याच सकाळी शैलजानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. पूजेला सासूबाईंनी झाकण काढून आत वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या प्रोसेसरच्या पंख्यात गच्च अडकल्या होत्या. तिनं त्या चिमट्यानं उपसून काढल्या. पंखा फिरला आणि कॉम्प्युटर दुपारपर्यंत बिनबोभाट चालला.

"बघ, न्हालीस आन् लगीच चालाय लागलं!" सासूबाई खुशीत म्हणाल्या.

मूठभर पाकळ्या त्यांच्या हातावर ठेवत शैलजा म्हणाली, "आत्या, माझं न्हाणं परवा हाय."