सहीपुरती तज्ज्ञ

प्रेस्टन कीलरचं भाषण संपत नव्हतं आणि लोरेटाच्या हातातली केकची बशी कलंडत होती.

"आपल्या फर्मची पहिली प्रमाणित तज्ज्ञ!" तो म्हणाला. "मला तर आता हिची भीतीच वाटते बुवा."

सगळे हसले. वकिलांच्या ऑफिसात भागीदाराने विनोद केला की हसावंच लागतं. केकवर नुसतं 'अभिनंदन' होतं, नाव नव्हतं. सुपरमार्केटात तसा तयार मिळतो.

लोरेटा व्होजनार एकोणसाठ वर्षांची. क्लीव्हलंडच्या या फर्ममध्ये तिने तीस वर्षं वकिलांचे कागद लावण्यात घालवली होती. हल्ली खटल्यातले कागद म्हणजे इमेल, फायली, फोनवरचे संदेश. ते जपायचे, शोधायचे, गाळायचे आणि समोरच्या पक्षाच्या हवाली करायचे. हे काम ती करतच होती. पण आता ते येतं असं सांगणारं प्रमाणपत्र निघालं होतं, आणि मे महिन्यात प्रेस्टनने आपणहून तिची फी भरली. कोणाच्या वाढदिवसाच्या कार्डावर सही करायला जो शेजाऱ्याचं पेन मागतो, तो प्रेस्टन! पाच महिने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडून बसली. चार तासांची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. उशिरा का होईना, आपली कदर झाली, असंही तिला वाटून गेलं. त्या वाटण्याची तिला लवकरच लाज वाटणार होती.

केक संपला तसं प्रेस्टनने तिला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"ती पंपवाल्यांची केस. तुझं एक शपथपत्र हवंय. मसुदा आत्ताच तुला पाठवलाय. सही कर, चारच्या आत दाखल करायचंय."

तिने फोनवर मसुदा उघडला आणि उभ्याउभ्याच वाचला. मग प्रेस्टनला चार प्रश्न विचारले. तेव्हा कुठे सगळा प्रकार तिला कळला.

जानेवारीत एका पंपाच्या कारखान्यावर खटला झाला. प्रेस्टन त्या कारखान्याचा वकील. त्याने तिथल्या चारशे माणसांना पत्र धाडलं, एकही इमेल पुसू नका. माणसांनी पुसला नाही. पण तिथलं यंत्र नव्वद दिवसांहून जुने इमेल आपोआप पुसतं, आणि ते यंत्र बंद करू शकणारे दोघे तळघरात बसतात. प्रेस्टनच्या चारशे जणांच्या यादीत नेमके तेच दोघे नव्हते. मे महिन्यात चूक उघडी पडली तोवर हवे होते ते सगळे इमेल गेलेले. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात. इथे बैल गेल्यावर राखणदारीण शिकायला पाठवली होती, म्हणजे दोष दुसऱ्यांवर ढकलायला एक तज्ज्ञ हाताशी असावी.

मसुद्यात लिहिलं होतं : 'मी, लोरेटा व्होजनार, प्रमाणित तज्ज्ञ. जानेवारीत मी त्या दोघांना फोनवरून यंत्र बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.'

"जानेवारीत मी या केसवर नव्हतेच."

"आठवून बघ जरा. इमेल कसे गेले, याबद्दल जजला जाणकार माणसाचा शब्द हवाय."

"म्हणजे चूक तुझी, शपथ माझी, आणि नोकरी जायची ती त्या दोघांची."

"लोरेटा, तुझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. ती इथेच काढायचीत ना? आणि त्या दोघांना तू ओळखतेस तरी का?"

ती ओळखत नव्हती. सही केली तर खोटी शपथ, नाही केली तर घरचा रस्ता. तिला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त किळस आली. सकाळपासून हा माणूस आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता तो यासाठी.

"तुझी भाषा फार वकिली आहे," ती म्हणाली. "ही बाई असं बोलत नसणार, हे जजला लगेच कळेल. मी माझ्या भाषेत लिहून आणते."

"शाब्बास! आता कशी तज्ज्ञासारखी बोललीस."

पावणेचारला तिने शपथेवर सही केलेली चार पानं आणि त्यांना जोडलेलं जोडपत्र त्याला पाठवलं आणि त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कोर्टात कागद दाखल होतात ते वकिलाच्या नावाने, त्याच्याच पासवर्डने, आणि त्याच क्षणी समोरच्या पक्षालाही पोचतात. प्रेस्टन फोनवर कोणाशी तरी शनिवारच्या सामन्याची तिकिटं ठरवत होता. बोलता बोलताच त्याने चौथ्या पानावर जाऊन सही पाहिली.

"वाचून घे एकदा," लोरेटा म्हणाली. "चांगलं सांगतेय."

त्याने फोनवर हात ठेवला. "सगळं मीच वाचायचं तर तुला प्रमाणपत्र कशाला मिळवून दिलं?"

आणि त्याने बटण दाबलं.

चार वीसला समोरच्या वकिलाचा फोन आला. काचेपलीकडून लोरेटाला सगळं दिसत होतं. आधी प्रेस्टन हसला. मग फोन ठेवून त्याने शपथपत्र उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अकरा वर्षं ती त्याच्या हाताखाली होती, पण तिचं लिहिलेलं तो पहिल्यांदाच वाचत होता. जानेवारीत ती कुठल्या केसवर होती, कोणाला पत्र गेलं, कोणाला गेलं नाही, सगळं त्यात सरळ लिहिलेलं होतं. चौथं पान संपलं. पाचव्यावर त्याच्याच मसुद्याची प्रत होती आणि वर दोन ओळी :

'जोडपत्र अ. वरील मजकुराऐवजी मी काय शपथेवर सांगावं, त्याचा श्री. कीलर यांनी आज मला पाठवलेला मसुदा. तो कोणी आणि किती वाजता तयार केला, ही नोंद फाइलच्या आतच आहे.'