भारदस्त गिऱ्हाईक

युगांडाच्या जंगलात, वीस हातांवर, तो अवाढव्य गोरिला आपली रुपेरी पाठ फिरवून कोवळे दांडे सोलत बसला होता. काटकरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि स्टुडिओतल्या चाळीस वर्षांच्या सवयीनं चुटकी वाजवली, "साहेब, जरा इकडे बघा!"

"बाबा!" लेकीनं त्यांचा दंड धरला.

गोरिला सावकाश वळला. त्यानं असं रोखून पाहिलं, की काटकर बटण दाबायचंच विसरले. एवढं भारदस्त गिऱ्हाईक त्यांच्यासमोर कधी बसलंच नव्हतं.

नजरेला नजर द्यायची नाही, हे वाटाड्यानं सकाळीच बजावलं होतं. आता त्यानं काटकरांच्या हनुवटीला बोट लावून ती हलकेच खाली केली, जशी ते प्रत्येक नवरदेवाची करत.

"हलू नकोस, पोरी," काटकर पुटपुटले. "आज फोटो साहेब काढतायत."