थोपटणं

तीन वर्षांच्या लेकीला झोपवता झोपवता मी मेटाकुटीला आले होते. गोष्ट झाली, पाणी झालं, शू झाली, तरी बाईसाहेबांचे डोळे टक्क उघडेच. नवरा रात्रपाळीला गेलेला. तिच्याशेजारी आडवी होऊन मी रडत रडतच तिची पाठ थोपटत होते.

"झोप गं राणी, पाया पडते तुझ्या."

अखेर डोळे मिटले. मी हाताचा वेग कमी केला, मग एकेक बोट उचलत हात अलगद काढून घेतला.

थोपटण्याचा आवाज चालूच राहिला. तिच्या पाठीवरचा फ्रॉक त्याच तालात दबत होता.



लेक डोळे न उघडताच पुटपुटली, "मला पुरे. आता आईला थोपट."

आवाज थांबला. माझ्या पाठीमागे गादी दबली.